आप्पांनी मागितलेले पाणी

आज ९ सप्टेंबर. शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांना अभिवादन करण्यासाठी शाळेतल्या मुलांना घेऊन नंदुरबारला गेलो होतो. तिथे एका वक्त्यांनी मुलांना सांगितले की मानवाधिकार हे परदेशी खूळ आहे, खऱ्या देशभक्ताला त्याची गरज नसते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तरी त्या टाळ्या कानांतून जात नाहीत.

माझे आप्पा तरुणपणी सुरतेला लूमवर कामाला होते. एकदा रात्रपाळी करून खोलीवर परतताना चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना अडवले, बोली ऐकून ‘बाहेरचा’ ठरवले आणि सकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवले. मार बसल्याचे ते क्वचितच सांगत. पाणी मागितले आणि दिले नाही, हे मात्र दर वेळी सांगत.

ज्या गुजरातीत आप्पांना दरडावले गेले, तीच शिरीषकुमारच्या घरची भाषा होती. १९४२ साली तिरंगा घेऊन निघालेल्या त्या कोवळ्या मुलांवर गोळ्या झाडणाऱ्यांकडेही कायदा होता आणि वरून आलेला हुकूम होता. त्या मुलांच्या स्मृतिदिनी माणसाच्या हक्कांना खूळ म्हणवते तरी कसे?

आणि परदेशी कसले? मानवाधिकारांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द काढून ‘सर्व मानव’ असे लिहायला लावणाऱ्या हंसा मेहता सुरतेच्याच होत्या. त्याआधी १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या छळाचा प्रश्न आपणच संयुक्त राष्ट्रांत नेला आणि ‘हा आमचा अंतर्गत मामला आहे’ हे तिथल्या सरकारचे उत्तर मान्य केले नाही. आपल्या राज्यघटनेचे २१ वे कलम जीविताचे संरक्षण देताना ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. माझा राष्ट्राभिमान या गोष्टींवर उभा आहे. सीमा राखाव्या लागतात आणि बडी राष्ट्रे मानवाधिकारांची भाषा सोयीने वापरतात, हे मान्य. पण म्हणून चौकीत बसवलेल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही, मग तो आपल्या देशाचा असो वा नसो.

मुलांवर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही, आणि त्यात मीही आलो. म्हणून परतताना एसटीत त्यांना आप्पांची ती रात्र सांगितली. सगळी ऐकत होती. सहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मग त्यांनी पाणी कुठे प्यायले?”

आप्पांना जाऊन नऊ वर्षे झाली. हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते.