राजाचा साडू म्हणून अर्ल? तारखा काय सांगतात

ट्यूडर काळातल्या विल्यम हर्बर्ट या वेल्श दरबाऱ्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. कोण कुठला, अक्षरशत्रू, भांडखोर माणूस. मेहुणी कॅथरीन पार आठव्या हेन्रीची राणी झाली आणि राजाचा साडू म्हणून हा पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, होऊन बसला. ऐकायला चटकदार आहे, पण कालक्रम लावून पाहिला की टिकत नाही.

‘कोण कुठला’ तर तो मुळीच नव्हता. त्याचे आजोबा, तेही विल्यम हर्बर्टच, पेम्ब्रोकचे अर्ल होते. १४६९ मध्ये एजकोटच्या लढाईनंतर त्यांचा शिरच्छेद झाला. वडील रिचर्ड अनौरस, त्यामुळे किताब वारशाने मिळणार नव्हता. पण वेल्समध्ये हर्बर्ट नावाला वजन होतं. निरक्षरपणाची कथा शतकभरानंतर चरित्रकार जॉन ऑब्रीने टिपलेली ऐकीव माहिती आहे.

आता मेहुणीचं. हर्बर्टने ॲन पारशी लग्न केलं ते १५३८ च्या सुमारास. तेव्हा कॅथरीन यॉर्कशरच्या लॉर्ड लॅटिमरची बायको होती. ती पुढे राणी होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. उलट दरबारात पाय रोवलेली होती ती ॲन. जेन सीमोर राणी असल्यापासून ती तिथे सेवेत होती. या गोष्टीत तिचं नावही कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅथरीनचं हेन्रीशी लग्न १२ जुलै १५४३ ला झालं. विल्टनच्या मठाची जमीन १५४४ मध्ये हर्बर्टच्या पदरात पडली, त्यात या नात्याचा हात असणार, हे मान्य करायलाच हवं. पण हेन्री जानेवारी १५४७ मध्ये गेला, कॅथरीन सप्टेंबर १५४८ मध्ये. गार्टर या इंग्लंडमधल्या सर्वोच्च सरदारी किताबाचा मान हर्बर्टला त्यानंतर, डिसेंबर १५४८ मध्ये मिळाला, आणि अर्लपद तर ऑक्टोबर १५५१ मध्ये. साडूही नाही, मेहुणीही नाही, मग हे दिलं कुणी? १५४९ मध्ये इंग्लंडच्या पश्चिमेला बंड उसळलं तेव्हा तो वेल्समधून माणसं घेऊन उतरला होता. त्याच वर्षी हेन्रीचा वारस, बालराजा सहावा एडवर्ड याचा राज्यरक्षक सॉमरसेट आणि वॉरिकचा अर्ल डडली यांच्यात जुंपली, आणि हाताशी फौज असलेला हर्बर्ट सॉमरसेटच्या बाजूने उभा राहिला नाही. सत्ता डडलीच्या हाती गेली, आणि हर्बर्ट अर्ल झाला त्याच दिवशी डडली ड्यूक झाला.

नातं हीच त्याची शिडी असती तर १५५३ मध्ये त्याच शिडीवरून तो कोसळला असता. मे महिन्यात त्याने मुलाचं लग्न लेडी जेन ग्रेची बहीण कॅथरीन हिच्याशी लावलं. जुलैत एडवर्ड वारला आणि जेनला गादीवर बसवलं गेलं; नऊच दिवसांत वारं फिरलं, तसा तो हेन्रीची मुलगी मेरी हिच्या बाजूला गेला. कॅथरीन ग्रेला त्याने घराबाहेर काढलं, पुढे ते लग्नही रद्दबातल झालं. त्या कोवळ्या मुलीवर हा उघड अन्याय होता. राणी झालेल्या मेरीने मात्र १५५७ मध्ये फ्रान्समधल्या सेंट क्वेंतँच्या मोहिमेसाठी इंग्रज फौजेची सूत्रं त्याच्याच हाती दिली.