विकतचा पाऊस

ऐन जुलैमध्ये साताऱ्यात कुणी पावसासाठी पैसे मागितले, तर लोक त्याला वेड्यात काढतील किंवा सरळ महाबळेश्वरच्या एसटीत बसवून देतील. आमच्या कन्येने मात्र ते धाडस केले. बाहेर यवतेश्वरचा डोंगर धुक्यात दिसेनासा झालेला, दोरीवरचे कपडे काही केल्या वाळत नाहीत, आणि ही संगणकासमोरून म्हणते, "बाबा, माझ्या घरावर पाऊसच पडत नाही. सीझन्सचा पॅक घ्यायला लागेल."

चौकशीअंती उलगडा झाला. 'द सिम्स ४' हा संसार थाटण्याचा खेळ असून त्याचा मूळ भाग ऑक्टोबर २०२२ पासून फुकट मिळतो. मात्र त्यात ऋतू हवे असतील तर २०१८ सालचा 'सीझन्स' हा विस्तार पॅक, म्हणजे मूळ खेळाला जोडायची विकतची भर, वेगळा आणि कुत्री-मांजरे हवी असतील तर २०१७ सालचा वेगळा. बरे, हेच ऋतू दुसऱ्या आवृत्तीसाठी २००७ मध्ये आणि तिसरीसाठी २०१२ मध्ये विकून झाले होते. नवी आवृत्ती आली की आभाळ पुन्हा कोरडे!

आईने जपमाळ थांबवली. "म्हणजे घर फुकट आणि पागोळ्या विकत? बिल्डरच दिसतोय मेला."

पार्किंगचे पैसे वेगळे मोजून फ्लॅट घेतलेल्या मला यावर बोलता येईना. पुढे कळले की, त्या विकतच्या मांजरांना आणखी नवे कपडे घालायचे तर २०१८ मध्ये आणखी एक छोटा पॅक आला, आणि आधीचा पॅक नसेल तर हे कपडे घालायला मांजरच नाही. या धंद्याचे धाडस जुने आहे: 'ऑब्लिव्हियन' या खेळात २००६ साली घोड्याचे नुसते चिलखत अडीच डॉलरला विकले गेले, आणि त्याची यथेच्छ टिंगल होऊनही ते खपले.

सगळेच असे नाहीत. 'विचर ३' या खेळाच्या २०१६ सालच्या 'ब्लड अँड वाइन' या विस्तारात नवा प्रदेश आणि नवी कथा होती, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायच्या, खेळाचा मान त्या विस्तारानेच पटकावला. एवढे देऊन कुणी पैसे मागितले, तर माझी तक्रार नाही, पण पाऊस?

अखेर सवलत लागेल तेव्हा पॅक घ्यायचा, असे ठरले. कन्या धीर धरून आहे. आई मात्र रोज संध्याकाळी विचारते, "लागली का रे सवलत?" नातीने तिला मांजरांची चित्रे दाखवली आहेत.