काट्यावरचं वजन आणि हृदयाभोवतीची चरबी

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयाभोवतीची चरबीही घटते, हे त्या शस्त्रक्रियेवरच्या तुमच्या लेखात आलं ते बरं झालं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष वजनकाट्यावरच. ही चरबी हृदयाच्या स्नायूला थेट चिकटलेली, मध्ये पडदा नाही. तिच्यातून सुटणारी दाहकारक द्रव्यं म्हणूनच सरळ स्नायूत आणि धमन्यांत उतरतात. मात्र ती पोटातल्या चरबीइतकी झपाट्याने घटत नाही, हेही लिहायला हवं होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. आणि गंमत म्हणजे, हा फायदा सुरुवातीच्या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याशी) नव्हे, तर रक्तातल्या इन्सुलिनच्या पातळीशी जुळला! मग शस्त्रक्रिया कोणाची करायची, हे ठरवताना डॉक्टर (आणि विमा कंपन्या) अजून बीएमआयच का धरून बसतात?