त्या सव्विसांतला आमचा

शाळेच्या ग्रुपवर चार दिवस एकच विषय चालू आहे. वर्गातल्या एकाच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर भलामोठा लाल क्रूस काढला. त्याला हात ठोकलेला एक पांढरा राक्षस, छातीत भाला. पोरगा 'इव्हान्गेलियन' ही जपानी ॲनिमे मालिका बघतो. बापाने त्या पानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ॲनिमेच्या नावाखाली पोरांना बाटवायचं काम चालू आहे." दोघातिघांनी लगेच री ओढली. एकाने समजूत घालायला म्हणून लिहिलं, "अरे, नुसती स्टाईल आहे, अर्थबिर्थ काही नसतो त्याला." मग पहिल्याने मला टॅग केलं. "तू तर तिकडेच असतोस. पण तुला काय, तुला उलट बरंच वाटत असेल."

त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली.

मी वसईचा, कुपारी, म्हणजे तिथला कॅथलिक ख्रिस्ती. घरी कादोडी, शाळेत मराठी, मिस्साही मराठीत. या मित्राच्या घरच्या गणपतीला मी दहा वर्षं आरतीला उभा राहिलोय आणि आमच्या नाताळचे पदार्थ त्याच्या आईच्या डब्यात गेलेत. आता अकरा वर्षं टोकियोतल्या निशी-कासाईत राहतो. म्हणून आधी धर्मप्रसाराचं बोलतो, कारण न बघता बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

'इव्हान्गेलियन' ही मालिका ऑक्टोबर १९९५ मध्ये टीव्ही टोकियोवर सुरू झाली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, भाग २६. तिच्यात स्फोट झाला की आकाशात क्रूस उभा राहतो. ॲडम आहे, लिलिथ आहे, मृत समुद्राकाठच्या जुन्या धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या आहेत. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची नावं तीन संगणकांना दिली आहेत. आणि हे सगळं कशासाठी, तर तिचे साहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनीच पुढे सांगून टाकलं: यंत्रमानवांच्या मालिका ढीगभर होत्या, त्यांत आपली वेगळी दिसावी म्हणून. जपानमध्ये हा धर्म मोजक्यांचा, त्यामुळे ही चिन्हं नवलाची वाटतात. मालिका अमेरिका-युरोपात जाणार हे माहीत असतं तर फेरविचार केला असता, असंही ते म्हणाले. या देशात ख्रिस्ती माणसं शंभरात जेमतेम एक. बाटवायला निघालेल्यांनी बरीच वाईट कामगिरी केली म्हणायची.

आणि मला बरं वाटतं का? नाही वाटत. त्या मालिकेत शहरावर चालून येणाऱ्या अक्राळविक्राळ शत्रूंना जपानीत 'शितो' म्हणतात. आम्ही मराठीत ज्यांना प्रेषित म्हणतो, म्हणजे पेत्र, योहान, आमचा थॉमस, त्यांच्यासाठीचाच हा शब्द. रविवारी इथल्या चर्चमध्ये हा शब्द आला की माझा मुलगा मान खाली घालून खांदे हलवत हसतो. त्याच्या डोळ्यांपुढे राक्षस येतात. मी त्याचा हात दाबतो. रागवायचं कोणावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून 'अर्थबिर्थ काही नसतो' हेही मला पटत नाही. गेल्या गोल्डन वीकच्या सुट्टीत आम्ही नागासाकीला गेलो होतो. स्टेशनपासून थोडा चढ चढलं की निशिझाका. ५ फेब्रुवारी १५९७ ला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने तिथे २६ ख्रिस्ती जणांना क्रुसावर चढवलं. इथली पद्धत खिळ्यांची नव्हती. माणसाला बांधून उभं करायचे आणि दोन्ही कुशींतून भाले आरपार घालायचे. सर्वांत लहान होता १२ वर्षांचा लुईस इबाराकी, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच रांगेत होता गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, जपानी अस्खलित बोलणारा, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा. त्याच्या नावाचं कॉलेज आपल्या वसईत आहे. ग्रुपवरचे निम्मे त्याच कॉलेजात शिकले.

तिथे भिंतीवर ब्राँझच्या २६ आकृती ओळीने उभ्या आहेत, पाय खाली लोंबणारे, जमिनीला न टेकलेले. मुलाने विचारलं, "यातला आपला कुठला?" मला सांगता येईना. बराच वेळ चेहरे बघत राहिलो.

क्रूस आणि भाला ही जोडी या देशाला परकी नाही, असं मला त्या दिवसापासून वाटतं. १६१४ पासून १८७३ पर्यंत इथे हा धर्म बंद होता. येशू-मारियेच्या प्रतिमांवर पाय द्यायला लावत. देईना तो सापडला. लपून राहिलेल्यांनी कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीत मारिया पाहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या. इतकं पुसून काढल्यावर क्रूस कुणाच्याच घरातला उरला नाही. आज तो इतक्या हलक्या हाताने काढता येतो तो त्यामुळे. आमच्या गावात वळणावळणावर क्रूस आहेत, संध्याकाळी तिथे कोणीतरी मेणबत्ती लावून जातं. तिथे असा हात हलका होत नाही.

हाच मित्र दर दसऱ्याला न चुकता फॉरवर्ड पाठवतो, जपान आपल्या सरस्वतीला पूजतो म्हणून. खरंच पूजतो. बेन्झाइतेन म्हणतात तिला इथे, हातात वीणेऐवजी बिवा. तेव्हा आपली छाती फुगते. देवी इथवर आली ती संस्कृती, आणि क्रूस पोराच्या वहीत आला की कारस्थान. असं कसं चालेल, सांग ना.

पण तुझ्यावर चिडून लिहिताना मला माझंही एक सांगायला हवं. पहिल्याच वर्षी ऑफिसच्या पार्टीत साहेबांनी माझ्यासाठी बीफ नसलेला बेंतो वेगळा मागवला. इंदोजिन, म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे हिंदूच, असा हिशेब. मी आभार मानून खाल्ला. पुढच्या वर्षीही. कोणीही कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नेहमीचा भारतीय असणं सोपं पडत होतं. दहा वर्षं तो वेगळा डबा माझ्या नावाने येत राहिला.

तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शेजारच्या सहकाऱ्याला सांगून टाकलं. तो चॉपस्टिक खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "भारतात ख्रिस्ती असतात?" त्याने विचारलं. अगदी साधेपणाने, मनात काही नसताना. मी फोनमधला निशिझाकाचा फोटो उघडला आणि त्याला वसई कुठे आहे ते दाखवत बसलो. सुट्टी संपली तरी आमचं जेवण व्हायचंच होतं.