एकसुरी आवाजावरची ती फिरणारी पोस्ट: एकेक मुद्दा बघूया

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. तिचं म्हणणं असं की बोलण्यात शब्दांना फक्त 7 टक्के महत्त्व असतं, एकसुरी आवाज जन्मजात असतो, त्यावर उपाय म्हणजे आवाज खोल करा आणि प्रत्येक वाक्यात चढउतार आणा, आणि सपाट बोलणाऱ्याला आतून काही वाटतच नसतं. हे वाचून बोलायला आधीच बिचकणारी माणसं अजून गप्प होतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

7 टक्क्यांचा आकडा आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून. त्यात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात तर 'मेबी' (म्हणजे 'कदाचित') हा एकच शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं होतं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. म्हणजे प्रश्न फक्त भावनेचा होता. आपला आकडा सगळ्या बोलण्याला लागू होत नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. नाहीतर न कळणाऱ्या भाषेतलं भाषणसुद्धा आपल्याला 93 टक्के समजायला हवं होतं ना!

जन्मजात म्हणाल तर अर्धंच खरं. स्वरतंतूंची लांबी-जाडी बहुतांशी शरीराची देणगी, त्यामुळे मोठ्या पुरुषांचा आवाज साधारण 85 ते 180 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) आणि बायकांचा 165 ते 255 च्या आसपास असतो. पण हा झाला मूळ सूर, त्याच्या वरखाली जायचं काम स्वरयंत्रातले स्नायू करतात, तंतू ताणला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. तुम्ही 'तो आला' आणि 'तो आला?' यातला फरक आवाजाने दाखवू शकत असाल तर यंत्रणा चालू आहे, प्रश्न ती वापरायचा आहे.

आवाज खोल करणं तर उलटंच पडतं. घसा दाबून सूर खाली नेला की खाली जायला जागाच उरत नाही, बोलणं अजून सपाट होतं आणि घसा दुखतो तो वेगळाच.

आता चढउतार, इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. प्रत्येक वाक्य सारखंच वर नेऊन खाली आणलं तर तोही एकसुरीपणाच, फक्त चाल वेगळी. सूर अर्थामागे जातो. 'मी तिला पैसे दिले नव्हते' हे वाक्य घ्या, 'मी'वर जोर दिला तर दुसऱ्या कोणीतरी दिले, 'तिला'वर दिला तर दुसऱ्या कोणाला, 'पैसे'वर दिला तर दुसरं काहीतरी दिलं. बहुतेकांचं बोलणं सपाट होतं ते पाठ केलेलं म्हणताना किंवा कागद वाचताना, कारण तेव्हा कुठला शब्द महत्त्वाचा हे ठरवलेलंच नसतं. तेव्हा आधी वाक्यागणिक एक शब्द निवडा. त्याच्या आधी किंचित थांबा, तो थोडा लांबवा, सूर आपोआप हलतो. मग तीच गोष्ट कागद बाजूला ठेवून कोणाला तरी सांगा, रेकॉर्ड करा, नंतर वाचूनही रेकॉर्ड करा आणि दोन्ही ऐका, फरक कुठे पडतो ते लगेच कळतं. स्वतःचा आवाज परका वाटेल, पण रोज तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून, एवढंच कारण आहे, घाबरून डिलीट करू नका. मोबाईलवर फुकट मिळणारं पिच, म्हणजे सुराची उंची, दाखवणारं एखादं ॲपही लावून बघा, रेषा सरळ जातेय की हलतेय ते डोळ्यांना दिसतं.

आणि 'काही वाटतच नाही' हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. ऑटिझम असलेल्या कित्येकांचा सूर सपाट असतो, नैराश्यातही आवाज सपाट होतो, पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारातही होतो, आणि या माणसांना आतून भरभरून वाटत असू शकतं. आवाज अचानक सपाट झाला असेल किंवा घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला असेल तर व्हिडिओ बघत बसू नका, डॉक्टरकडे जा, कान-नाक-घशाच्या किंवा जे लागतील त्या. पार्किन्सन्समध्ये मोठ्याने बोलण्यावर भर देणारी स्पीच थेरपी आहे आणि तिचा उपयोग होतो, त्यामुळे घरात कोणाचा आवाज असा बसत चालला असेल तर स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट लवकर घ्या.