थ्री नॉट थ्रीला शिव्या घालण्याआधी

२६/११चा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'पोलिसांच्या हातात ती खटारा थ्री नॉट थ्री होती.' एके-४७ समोर बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर दांडा हाताने मागेपुढे करायची रायफल तोकडी पडणार, त्यात वाद नाही. पण 'ती अडकतेच' हे पाप निष्कारण तिच्या माथी मारलं जातं.

आधी एक नेहमीचा घोळ. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ इंची गोळीची ली-एन्फील्ड रायफल; १८५७ची एन्फील्ड वेगळी. ती तोंडाकडून भरायची, कागदी काडतूस दाताने फाडून. ली-एन्फील्ड आली १८९५ मध्ये. बोल्ट आणि मॅगझिनची (गोळ्यांच्या पेटीची) रचना जेम्स पॅरिस ली यांची, नळीतल्या गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्या एन्फील्ड कारखान्याच्या. १९०७च्या मार्क थ्री या आवृत्तीने तिचं नाव झालं. जर्मन माउझरमध्ये ५ गोळ्या, हिच्यात १०. बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे त्याची धाव आखूड आणि हँडल जेमतेम ६० अंश उचलावं लागतं. तयार ब्रिटिश शिपाई मिनिटात ३०० यार्डांवर १५ गोळ्या नेम धरून झाडायचा. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या मॉन्सच्या लढाईत जर्मनांनी त्याचा अनुभव घेतला.

मग अडकते का? .३०३च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसायला हवी. मागे गेली की बोल्ट वरचं काडतूस पुढे ढकलतो, त्याची कड खालच्याला अडते आणि काम ठप्प. ५ गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची चार्जर क्लिप नीट भरलेली असेल, तर दोन क्लिपा अंगठ्याने दाबून बसवायच्या, झालं. घाईघाईत सुट्या गोळ्या कोंबल्या की घात.

दुसरं दुखणं शस्त्रागारातलं. बोल्ट त्या-त्या रायफलीला जुळवलेला असतो, म्हणून त्यावर तिचाच नंबर ठोकतात. सफाईनंतर बोल्टांची अदलाबदल झाली की काडतुसामागची फट वाढू शकते आणि पितळी केस बुडाजवळ तुटून पुढचा तुकडा चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या भागात) राहतो. नंतरच्या नंबर फोर मॉडेलमध्ये यासाठी ० ते ३ मापांची बोल्ट-हेड्स (बोल्टची बदलता येणारी पुढची टोकं) होती. फट मापायला गेज लागतो, अंदाज चालत नाही.

जुन्या काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून नळीत क्षार उरतात. ते तेलात विरघळत नाहीत. आधी चेंबरकडून उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी कोरडी करायची, तेल सगळ्यात शेवटी. नुसतं तेल फिरवलेल्या नळीला आतून गंज धरतो आणि नेम गेला की दोष पुन्हा रायफलीलाच.

१९६२च्या युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूर कारखान्याने हीच रचना ७.६२ मिमीसाठी जास्त मजबूत पोलादात नव्याने घडवली: टू-ए आणि मग टू-ए-वन. बरेच जण तिला जुन्या .३०३ला नळी बदलून केलेली समजतात, ते चूक. तिचं चौकोनी मॅगझिन १२ गोळ्यांचं. बोल्ट त्याच घराण्याचा, पण ७.६२च्या काडतुसाला बाहेर आलेली कडच नाही, म्हणून कडेला कड अडण्याचा प्रश्नही नाही.