बुडायच्या आधी सातबारा काढा

तुम्ही कोकणात किनाऱ्याला राहता, उधाणाचं पाणी अंगणातल्या तुळशीपर्यंत येऊन परत जातं आणि पुढचं वादळ कधी येईल याचा नेम नाही. घाबरू नका. आपत्ती कोणावरही येते. आपत्तीग्रस्त होणं मात्र प्रत्येकाला जमत नाही. त्याला तयारी लागते, आणि ती वादळाच्या आधी करावी लागते, कारण वादळानंतर झेरॉक्सवाल्याकडे लाईट नसते.

आधी जमिनीचं बघा. माड कोणाचा पडला हे माड सांगत नाही, सातबारा सांगतो. त्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, चार चुलत्यांची असतील, मुंबईला गिरणीत गेलेल्या आणि तिथेच वारलेल्या आजोबांचं असेल, शिवाय लग्न होऊन कुठे दिल्या हे आता कोणालाच आठवत नाही अशा दोन आत्यांचंही असेल. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करा. आजोबांची सही मिळवणं अवघड जाईल, पण प्रयत्न सोडू नका.

दुसरं, वाडी मोठी असू द्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा सरकारने मन मोठं करून बागायतीची मदत हेक्टरी ५० हजारांवर नेली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आकडा ऐकायला गोड आहे. अडचण एवढीच की तिथल्या नारळी-सुपारीच्या वाड्या हेक्टरात नाहीत, गुंठ्यात आहेत. साधारण शंभर गुंठ्यांचा हेक्टर होतो, तेव्हा गुंठ्याला आले पाचशे रुपये. एका गुंठ्यात सुपारीची दहा-बारा झाडं धरा. ती आडवी पडलेली झाडं कापून, ओढून, वाडीबाहेर टाकायला कटरवाला जे घेतो त्यात हे पाचशे कधी संपले ते कळत नाही. नवं रोप लावलंत तर ते धरायला पाच-सात वर्षं. आणि वर्षही उलटलं नव्हतं तर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते दारावरून गेलं. तेव्हा माझं ऐका, नुकसान करून घ्यायचं तर हेक्टरात करून घ्या. गुंठ्यातल्या नुकसानीला पालापाचोळा म्हणतात.

त्या झाडांवर चढणारा गडी, बागेला शिंपणं करणारी बाई, पडवीत बसून सुपारी सोलणाऱ्या म्हाताऱ्या, यांची पाच-सात वर्षांची मजुरी झाडासोबत आडवी झाली. पण त्यांचं झाड नव्हतं. ज्याचं झाड नाही त्याच्यावर ते पडलं तरच तो पंचनाम्यात येतो.

तुमची शेती खारेपाटात असेल तर मात्र अभ्यास पक्का हवा. पेण-अलिबागकडे खाडीला बांध घालून भात पिकवायची खोड आपल्या पणज्यांची. बांधाला माती घालायची ती घरटी माणूस देऊन. उघाडीची दारं सुकतीला उघडायची, भरतीला मिटायची. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावरून फेरी मारायची आणि कुठे खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा करून तिथल्या तिथे टाचेने दाबायचा. एवढंच तंत्रज्ञान. जमीन अर्थात खोताची. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी संप केला आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, खोतांच्या जमिनीत नांगर घातला नाही. त्या लोकांचा मला कधी कधी हेवा वाटतो. त्यांचा खोत निदान पडवीत पान खात बसलेला दिसायचा, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. अरबी समुद्र ज्यांनी तापवला त्यांची पडवी कुठल्या गावात आहे? तिथे एसटी जाते का?

असो. आता बांध सरकारच्या योजनेत आहे, म्हणजे तुम्ही हात लावायचा नाही. निविदा निघेल. निविदा निघेपर्यंत एखादं उधाण येतं, बांधाला खांड पडते आणि खारं पाणी आत शिरून बसतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारेपण सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, चांगल्या आहेत, मी थट्टा करत नाही. पण शेवटी ते भात आहे, जिताडा मासा नव्हे. कमरेएवढ्या पाण्यात ते तरी काय करणार? दोन-तीन पावसाळे खांड तशीच राहिली की शेतात तिवराची रोपं डोकं वर काढतात आणि एक दिवस तुम्हाला कळतं की तुमचं शेत आता कांदळवन झालं आहे. अभिनंदन.

कांदळवनाला हात लावायचा नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोड थांबवली, २०१८ मध्ये पुन्हा बजावलं, भोवतीची पन्नास मीटर जागाही राखायला सांगितली. उत्तमच झालं. तिवर नसती तर अर्धा किनारा एव्हाना डंपरमधून आलेल्या भरावाखाली गेला असता, आणि वादळाचा पहिला तडाखा अंगावर घेते तीही तिवरच. फक्त ज्याचं भात बुडून ती उगवली त्याने आता काय खायचं, हे कोणत्याच निकालात सापडत नाही. एक उपाय सुचवून ठेवतो. तुम्ही रेल्वे व्हा. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २० हजार कांदळवनाची झाडं तोडायची परवानगी न्यायालयातून मिळाली. लोकहित म्हणून. तुमचं कुटुंब पाच माणसांचं आहे, लोकहितात बसायला ते कमी पडतं.

आता यादीचं. आपल्याकडे धोक्याच्या गावांची यादी असते, त्यात नाव घालून घ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला रस्ता नाही, बचाव पथकं चिखलातून चालत चढली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं मातीतच राहिली आणि शोध थांबवला. नंतर सांगण्यात आलं की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं. म्हणजे डोंगराची चूक. त्याने यादी बघून यायला हवं होतं.

दोष कोणाचा हे ठरवायची आपली पद्धत कोकणातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, म्हणून थोडं मागे जातो. २ जुलै २०१९ ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली, वीसेक माणसं गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितलं, खेकडे. खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला. मी नाही हसलो, कारण खेकडा बीळ पाडतो हे खारेपाटातल्या पोरालाही ठाऊक आहे. त्याचा धंदाच तो, तो लपवत नाही. बीळ दिसलं की गोळा दाबणारा माणूस बांधावरून कोणी उठवला, हे विचारायचं सोडून आपण खेकड्याची चौकशी करत बसलो. खेकड्याला वकील नाही, निवेदन नाही, सातबाराही नाही. संशयित म्हणून याच्याइतका सोयीचा प्राणी किनाऱ्यावर दुसरा नाही. नाही म्हणायला, खेकडे पकडून पोट भरणारी माणसं आहेत. तीही जवळपास तितकीच सोयीची.

त्यांच्याकडे येतोच. त्याआधी जनसुनावणीचं सांगून टाकतो. प्रकल्प यायचा असला की सुनावणी लागते, पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत तशी तरतूद आहे. पर्यावरणाचा अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत, मराठीत मिळतो तो सारांश. तुमची खाडी मूळ अहवालात असते, सारांशात तिच्यासाठी जागा उरेलच असं नाही. याच अधिसूचनेच्या जागी येऊ घातलेला नवा मसुदा २०२० मध्ये आला तो इंग्रजीत आणि हिंदीत. बाकीच्या भाषांतही काढा, हे सांगायला दिल्लीच्या उच्च न्यायालयाला बसावं लागलं. तेव्हा इंग्रजी शिका. तोवर घाटावरून आलेल्या माणसाने तुमच्या सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला, पडीक म्हटलं तर वाद घालू नका, सातबाऱ्यावर तिथे पोटखराबाच लिहिलेला असतो. पोटखराब्यावर गुरं चरतात, पहिल्या पावसात रानभाज्या येतात, राजापूरकडे तर कुठल्या काळी कोणी कोरलेली कातळशिल्पं आहेत आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच भागात बारसूला २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या आल्या तेव्हा बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. हा मार्ग मी सुचवणार नाही. एप्रिलमध्ये डांबर फार तापतं.

हवामान बदलाच्या परिषदेचं बोलावणं आलं तर मात्र जरूर जा. हॉटेलात असते. तुम्हाला बोलायला नाही, नाचायला बोलावलेलं असतं. लुगडं नेसून या, टोपली आणा, रिकामी चालेल. जेवणात पापलेट असेल. २०२३ मध्ये ते राज्यमासा झालं. ते वाळूत बसून सोलणाऱ्या, बोंबील वाळवणाऱ्या, अवकाळी पावसाची एक सर आली की आठवड्याचं वाळवण कुत्र्यांना घालणाऱ्या बाईला राज्य-काहीतरी करायचं अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. बोट नोंदलेली असते, तिचा नंबर असतो. वाळवणाला नंबर नसतो.

आता त्या खेकडे पकडणाऱ्या माणसांबद्दल. गेल्या वादळानंतर आमच्या खाडीवर पंचनामा झाला तेव्हा मी मागे मागे फिरत होतो. साहेब भले गृहस्थ होते. उन्हात हिंडले, पाणी मागूनही दोनदाच प्यायले. गावातली घरं, वाड्या, दोन होड्या लिहून झाल्या आणि शेवटी आम्ही खाजणाच्या कडेला कातकऱ्यांच्या वाडीवर पोचलो. तिथे चिखलात साहेबांचा उजवा बूट रुतला. ओढायला गेले तर पाय वर आला आणि बूट खाली राहिला. तसेच एका पायावर उभं राहून त्यांनी फॉर्म काढला.

समोर एक बाई उभी होती. छपरावरची ताडपत्री उडालेली, कुडाची एक बाजू वाकलेली.

"घराची जागा कोणाची?"

"शेटची."

"मग अर्ज शेटच्या नावाने येईल. घरपट्टीची पावती?"

ती गप्प. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. मधले महिने वाडीला कुलूपही नसतं, कारण दाराला कडी नसते. पावती ठेवायची कुठे?

"धंदा काय करता?"

"कालवं काढते. कुर्ल्या. मुळं." म्हणजे शिंपले आणि खेकडे.

"वादळात काय गेलं?"

"टोपली गेली. कोयती गेली. आणि खडपावर गाळ बसलाय सायेब, कालवं मेली."

"किती?"

"सगळी."

"सगळी म्हणजे आकड्यात सांगा."

ती खाडीकडे बघायला लागली. आता मी तुम्हाला विचारतो, ओहोटीला उघडं पडतं आणि भरतीला झाकलं जातं त्या खडपाचा गट नंबर काय? दिवसातून दोनदा समुद्रात जाणाऱ्या जमिनीचा फेरफार कोण घालतो? बाजारात ती कालवं वाट्यावर विकते, एका वाट्यात किती बसतात हे तिला हाताच्या अंदाजाने ठाऊक. फॉर्मवर मात्र रकाने तीन होते, पीक, पशुधन, मत्स्य-साहित्य. कालव हे पीक नाही, कारण पेरलेलं नाही. पशुधन नाही, कारण बांधलेलं नाही. टोपली मत्स्य-साहित्यात बसली असती, पण त्याला परवाना लागतो.

साहेबांनी पेनाचं टोपण दातात धरून बराच विचार केला. माणूस खरंच वाईट नव्हता. मग त्यांनी तिन्ही रकान्यांतून एकच तिरपी रेघ ओढली आणि तिच्यावर एक शब्द लिहिला.

"माझं काय लिवलं?" बाईने विचारलं.

"निरंक."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं काही गेलं नाही."

"असं?" ती म्हणाली आणि हसली. "मग बरं झालं."

सुकती लागली होती, पाणी खडपावरून मागे सरत होतं. तिने शेजारणीकडून टोपली मागून घेतली आणि चिखलात उतरली. जाता जाता वाकली, कोपरापर्यंत हात घालून साहेबांचा बूट उपसून काढला, लुगड्याच्या सोग्याला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.